लॅमिंग्टन रोडवर आजीचा आवाज

मध्यरात्री एका क्लिकवर नवीन वस्तू मागवणाऱ्या आपल्या पिढीला दुरुस्ती नावाचं प्रकरण कितपत माहीत आहे? एका तुटलेल्या कॅसेटपायी ग्रँट रोडला घातलेल्या दोन चकरा, आणि त्यातून निघालेल्या चार गोष्टी...

प्रत्येक घरात एक ड्रॉवर असतो. आमच्या डोंबिवलीच्या घरात तो टीव्हीखाली आहे. त्यात जाड पिनचे चार्जर आहेत, बारीक पिनचे चार्जर आहेत, एक वेबकॅम आहे, तीन इअरफोन आहेत (तिन्हींचा डावा कान बंद) आणि कशाचा तरी एक रिमोट आहे. कशाचा ते कुणालाच आठवत नाही, पण टाकायची हिंमत होत नाही. तुमच्याकडेही असेल बघा!

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आईने फर्मान काढलं, ‘‘तो ड्रॉवर आणि माळा, दोन्ही रिकामे झाले पाहिजेत.’’ माळ्यावरून खाली आला तो बाबांचा टू-इन-वन. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र. त्याच्यासोबत बुटांच्या खोक्यात वीसेक कॅसेट्स. बहुतेक सिनेमाच्या गाण्यांच्या. एकीवर मात्र बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘आई, जात्यावरच्या ओव्या, मे १९९१’.

आजी १९९७ मध्ये गेली. तेव्हा मी दोन वर्षांची होते. तिचे फोटो मी पाहिलेत, तिच्या हातच्या घावन-चटणीच्या आठवणी हजारदा ऐकल्यात, पण तिचा आवाज कसा होता हे मला माहीतच नाही. आणि बाबांनीही तो गेली पंचवीस-तीस वर्षं ऐकलेला नाही. आता बाबांना ऐकायला कमी येऊ लागलंय. श्रवणयंत्राची मापं झालीत. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज आधी जातात, म्हणजे पक्षी, कुकरची शिट्टी, बायकांचे आवाज. बाबांनी त्यावर विनोद केला, ‘‘म्हणजे हिची बोलणी आपोआप बंद!’’ आई हसली. मला मात्र ती कॅसेट दिसत राहिली.

शहाणपणा नडला

टू-इन-वन लावून पाहिला. रेडिओचा खरखराट आला, पण टेपचं बटण दाबल्यावर नुसतं घर्रर्र. मग मी काय केलं? तुम्ही जे केलं असतं तेच. रात्री बारा वाजता पलंगावर पडून फोनवर शोधलं. कॅसेटमधून थेट एमपी-थ्री करणारा इवलासा प्लेअर, किंमत पंधराशेच्या आत, उद्या संध्याकाळपर्यंत घरपोच. चार स्टार! ऑर्डर करून टाकली.

दुसऱ्या दिवशी खोकं आलं. मी थेट आजीचीच कॅसेट घातली. (हो, आधी एखादी फालतू कॅसेट घालून पाहायला हवी होती. आता सगळेच सांगतात!) दहा सेकंद खर्रखर्र झाली, आवाज बुडबुड करत खोल गेला आणि प्लेअरने कॅसेट खाल्ली. ज्यांनी नव्वदचं दशक पाहिलंय त्यांना ‘कॅसेट खाल्ली’ म्हणजे काय ते सांगायला नको. पट्टी आतल्या रबरी चाकाभोवती गुंडाळली गेली. मी ओढली. तुटली.

त्या रात्री मी घरात कुणालाच सांगितलं नाही. आजीच्या आवाजाची जगात एकच प्रत होती आणि ती मी स्वस्तातल्या खेळण्यात घालून तोडली होती. प्लेअर परत घेतला गेला, पैसेही दोन दिवसांत खात्यात जमा. ग्राहक म्हणून माझी काहीच तक्रार उरली नाही. पण परत न येणाऱ्या गोष्टीसाठी कुठलं बटण दाबायचं?

ऑफिसातल्या एका सीनियरने ऐकलं आणि म्हणाला, ‘‘अगं, लॅमिंग्टन रोडला जा की!’’

चला ग्रँट रोडला

मंडळी, लॅमिंग्टन रोड म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पाटीवर हे नाव असतं, तोंडात मात्र ते. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव लोकांनी काही सोडलं नाही. ग्रँट रोड स्टेशनवर पूर्वेला उतरा आणि चार-पाच मिनिटं चालत राहा. फुटपाथवर वायरींची भेंडोळी दिसायला लागली की समजायचं, आलो.

हा रस्ता एकेकाळी सिनेमाचा होता. इथल्या मिनर्व्हाला १९७५ मध्ये ‘शोले’ लागला आणि पाच वर्षांहून जास्त काळ चालला. आता ते थिएटर नाही. विजेच्या आणि तारांच्या दुकानांनी मात्र दरवेळी नवा अवतार घेतला. आधी रेडिओ. रेडिओ ठेवायला लायसन्स लागायचं, त्याची फी पोस्टात भरायची, अशा जमान्यापासूनचे. मग १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हीसीआर. मग कॉम्प्युटर, मोबाइल, पेन ड्राइव्ह. आणि आता सीसीटीव्ही. दर तिसऱ्या दुकानात छताला कॅमेऱ्यांचे घोसच्या घोस लटकलेले. आपण सगळे एकमेकांवर किती नजर ठेवतो याचा हिशेब करायचा असेल तर इथे यावं!

रस्त्याची सगळी कीर्ती चांगलीच आहे असं नाही हं. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने २००९ साली नकली मालाच्या बाजारांची जी यादी दिली होती त्यात या रस्त्याचंही नाव होतं. पायरेटेड सीडींचे ते दिवस. ‘मॅडम, सॉफ्टवेअर? गेम? नवीन पिक्चर?’ असं कानात कुजबुजणारी पोरं तेव्हा पावलोपावली असायची. सीडीच गेल्या, तशी ती कुजबुजही गेली.

माझी आणि या रस्त्याची ओळख मात्र २००१ सालची. मी पहिलीत होते. बाबांनी घरचा पहिला कॉम्प्युटर इथूनच आणला. अर्थात असेम्बल्ड! कंपनीचा घेणं म्हणजे उधळपट्टी, असं तेव्हा सगळ्या मध्यमवर्गाचं ठाम मत होतं. मदरबोर्ड एका दुकानातून, रॅम दुसऱ्यातून, १२८ एमबी, आणि २० जीबीची हार्ड डिस्क. ‘२० जीबी आयुष्यभर भरणार नाही’ असं दुकानदाराने सांगितलं होतं म्हणे. तो सतरा इंची अवजड मॉनिटर बाबांनी टॅक्सीत मांडीवर घेतला आणि पुढे लोकलच्या लगेजच्या डब्यातून डोंबिवलीला आणला. आज माझ्या खिशातल्या फोनमध्ये त्याच्या कितीतरी पट जागा आहे आणि ती दर महिन्याला भरते. कशाने? गुड मॉर्निंगच्या फुलांनी!

‘मशीन घेऊन ये’

शनिवारी सकाळी अकराला पोहोचले. पहिल्या दुकानात ‘‘कॅसेट?’’ म्हटल्यावर पोरगा असा हसला की मी ग्रामोफोनची सुई मागितली असावी. दुसऱ्याने विचारलं, ‘‘क्या चाहिए मॅडम, लॅपटॉप, सीसीटीव्ही, राउटर?’’ तिसरं दुकान सुट्या भागांचं होतं. भिंतभर इवलेसे खण, प्रत्येकात रेझिस्टर, कपॅसिटर, एलईडी. काउंटरवर इंजिनीअरिंगच्या पोरांची झुंबड. फायनल इयरचा प्रोजेक्ट, आर्डुइनोचा बोर्ड, सेन्सर आणि वर्गणी काढून जमवलेले पैसे. एक मुलगी दुकानदाराला सांगत होती, ‘‘काका, कालचा बोर्ड उडाला, उलटी वायर लागली.’’ काका शांतपणे म्हणाले, ‘‘एक उडाल्याशिवाय कुणी शिकत नाही.’’ आणि दुसरा बोर्ड काढून दिला. पैसे मात्र पूर्ण घेतले!

त्याच काकांनी मला पत्ता सांगितला. शेजारची जुनी इमारत, लाकडी जिना, पहिला मजला, उजवीकडची खोली. खोली कसली, दोन टेबलं मावतील एवढी जागा. एक साठी उलटलेले गृहस्थ डोळ्याला भिंग लावून बसलेले. मूळचे गिरगावचे. मी पिशवीतून कॅसेट काढली आणि का कोण जाणे, घरात न सांगितलेलं सगळं त्यांना सांगून टाकलं.

त्यांनी कॅसेट उजेडात धरली. ‘‘ओढलीस ना?’’

‘‘हो.’’

‘‘सगळेच ओढतात.’’ एवढंच म्हणाले. मला एकदम हलकं वाटलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये जवळपास नव्वद मीटर पट्टी असते. दर सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पुढे सरकते. माझ्या कॅसेटमधली साधारण वीस सेंटिमीटर पूर्ण चुरगळली होती, ती कापावी लागणार. ‘‘म्हणजे चार सेकंद गेले,’’ ते म्हणाले. ‘‘बाकीची वाचेल.’’ टोकं ब्लेडने तिरकी कापायची आणि मागच्या बाजूने खास चिकटपट्टी लावायची. साधी सेलोटेप नाही, तिचा गोंद उन्हाळ्यात सुटतो आणि शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. शिवाय आतला स्पंजचा तुकडा, जो पट्टीला हेडवर दाबून धरतो, तो गळून पडला होता. म्हणजे पट्टी न तुटताही आवाज नीट आला नसताच.

‘‘आणि हे रेकॉर्ड कशावर केलं होतं?’’

‘‘बाबांच्या टू-इन-वनवर.’’

‘‘आहे तो?’’

‘‘आहे, पण बंद आहे. भंगारात जाणार आहे.’’

त्यांनी भिंग वर केलं. ‘‘पुढच्या शनिवारी तो घेऊन ये. हेड ज्या कोनात बसलेलं असतं त्याच कोनात आवाज छापला जातो. दुसऱ्या मशीनवर वाजवलंस तर तोंडात रुमाल धरून बोलल्यासारखं येईल.’’

मी जिन्यातूनच आईला फोन केला, ‘‘भंगारवाला आला तर टेप देऊ नकोस!’’

गोंद आणि स्क्रू

पुढच्या शनिवारी टू-इन-वन मांडीवर घेऊन डोंबिवली ते दादर आणि दादर ते ग्रँट रोड असा प्रवास केला. डब्यातल्या एका काकूंनी विचारलं, ‘‘विकायला नेतेयस का गं?’’ ‘‘नाही, दुरुस्तीला.’’ त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर अजून लक्षात आहे.

मागे सहा स्क्रू. पाच मिनिटांत मशीन उघडलं. आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता, म्हणूनच तो घर्रर्र आवाज. काकांनी कापसाच्या बोळ्याने आणि स्पिरिटने सगळी चाकं पुसली, एका बरणीतून मापाचा पट्टा शोधून चढवला, हेड साफ केलं. काम चालू असताना गप्पाही चालू.

‘‘पूर्वी वस्तू उघडायला स्क्रू असायचे, आता गोंद असतो,’’ ते म्हणाले. खरं आहे. माझ्या मागच्या फोनची बॅटरी दोन वर्षांत म्हातारी झाली. सर्व्हिस सेंटरमधल्या टाय लावलेल्या मुलाने बॅटरीचा जो खर्च सांगितला, त्यानंतर ‘त्यापेक्षा नवीनच घ्या ना मॅडम, नो कॉस्ट ईएमआय आहे’ हे वाक्य ओघानेच आलं. मी घेतला. तुम्हीही घेतला असता.

पण मी काकांशी थोडी भांडलेसुद्धा. गोंद आहे म्हणून तर फोन पातळ झालाय आणि पावसात भिजला तरी जगतो. दर पावसाळ्यात फोन तांदळाच्या डब्यात ठेवायचे ते दिवस मला परत नकोत. आणि बाबांचा हा टू-इन-वन तेव्हा जवळजवळ त्यांच्या महिन्याच्या पगाराएवढ्याला पडला होता. बिघडला की दुरुस्त करण्यावाचून इलाजच नव्हता. तेव्हा लोक काटकसरी होते म्हणजे फार थोर होते असं नाही, वस्तू महाग होती आणि दुरुस्ती स्वस्त होती. आज गणित उलटं झालंय.

काका हसले. ‘‘बरोबर. पण गणित उलटं झालं म्हणून कचरा कमी नाही ना झाला?’’

इथे मात्र माझी बोलती बंद. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झालेला जेमतेम २२ टक्के. आपल्याकडे २०२२ च्या डिसेंबरमध्ये सरकारने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग यांची माहिती तिथे द्यावी म्हणून. कल्पना उत्तमच. पण माझ्या ओळखीत ते उघडून पाहिलेला माणूस अजून भेटायचाय, आणि त्यात दोन शनिवारांपूर्वीपर्यंत मीही होते.

मग ते घडलं. काकांनी जोडलेली कॅसेट आत घातली, बटण दाबलं आणि एक अगदी बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन हेडजवळचा स्क्रू केसाएवढा फिरवू लागले. आधी नुसती खरखर. मग विहिरीतून आल्यासारखा आवाज. मग अजून थोडं फिरवलं आणि एकदम जात्याची घरघर आली. तिच्यावर एका बाईचा आवाज. जाडसर, थोडा घोगरा, माझ्या आत्याच्या आवाजाशी मिळताजुळता. मी समजत होते आजीचा आवाज नाजूक असेल. फोटोत ती इतकी किरकोळ दिसते!

काकांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. कुणीच काही बोललं नाही. खाली रस्त्यावर टेम्पो हॉर्न वाजवत होता.

‘‘किती झाले?’’ मी शेवटी विचारलं.

‘‘साडेचारशे. दोन्हीचे.’’ टेबलावर क्यूआर कोडचा स्टँड. पैसे भरले तशी त्या डब्यातून बाई बोलली, रक्कम मिळाल्याची. तंत्रज्ञानाशी काकांचं भांडण नाहीच मुळी. टेबलावर १९८० च्या दशकातला टेप आणि शेजारी यूपीआयचा डबा, दोन्ही सुखाने नांदत होते.

‘टेप चालू आहे का?’

घरी आल्यावर शेवटची गंमत. टू-इन-वनच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढून रेकॉर्ड करायचं होतं, आणि माझ्या नव्याकोऱ्या फोनला भोकच नाही! शेवटी ऑफिसचा जुना लॅपटॉप कामी आला. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं आणि कॅसेट सुरू केली. यात घाई करता येत नाही. अर्ध्या तासाची बाजू भरायला अर्धा तासच लागतो. दीडपट वेगाने पॉडकास्ट ऐकणाऱ्या मला हे जड गेलं, खोटं कशाला बोलू?

मग बाबांना बोलावलं आणि तुटल्याचंही सांगून टाकलं. ते काही बोलले नाहीत. मोठे हेडफोन कानावर ठेवले आणि डोळे मिटले. मी लॅपटॉपमध्ये बारीक आवाज थोडे वर उचलून दिले होते, श्रवणयंत्रात करतात तसेच.

कॅसेटमध्ये ओव्या आहेत, मधे मधे कोंबडा आहे, कुणीतरी ‘चहा ठेवलाय गं’ म्हणतं. साधारण अकराव्या मिनिटाला ती जोडलेली जागा येते. आजी ओवी सुरू करते, कुणाचं तरी नाव घेणार, एवढ्यात टक् असा आवाज आणि थेट पुढच्या ओळीचा शेवट. ते नाव कुणाचं होतं?

मी बाबांना विचारलं. त्यांनी ती जागा तीनदा ऐकली. ‘‘माझं असेल, नाहीतर तुझ्या आत्याचं. भावंडांची नावं घालायची ती.’’ मग म्हणाले, ‘‘आत्याला फोन लाव. तिला येतात या ओव्या.’’

आत्या रत्नागिरीला असते. तिने फोनवर ऐकलं आणि ती अख्खी ओवी न अडखळता म्हणून दाखवली. नाव तिचंच होतं! बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. सत्तरीच्या माणसाला आपण आईचे लाडके नव्हतो हे असं कळावं!

कॅसेटच्या शेवटी ओव्या संपतात आणि एका तरुण पुरुषाचा आवाज येतो. ‘‘आई, अजून एक म्हण ना.’’ त्यावर आजी विचारते, ‘‘टेप चालू आहे का?’’ आणि खट्कन बटण बंद. बाबा ते पुन्हा पुन्हा लावून ऐकतात. आईचा आवाज ऐकू येतोय का, असं मी विचारलं तर म्हणाले, ‘‘येतोय. पण माझा आवाज किती बारीक होता गं!’’

आता ती फाइल आमच्या फॅमिली ग्रुपवर आहे, दोन पेन ड्राइव्हवर आहे आणि क्लाउडवरही आहे. टू-इन-वन टीव्हीच्या शेजारी मानाने बसलाय. आणि पुढच्या सुट्टीत मी रत्नागिरीला जातेय, आत्याच्या सगळ्या ओव्या रेकॉर्ड करायला. या वेळी फोनवरच. ड्रॉवर अजून तसाच भरलेला आहे, आईला सांगू नका.

जायचंय? मग हे लक्षात ठेवा

• शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास जा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.

• पश्चिम रेल्वेचं ग्रँट रोड स्टेशन, पूर्वेची बाजू. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोचंही ग्रँट रोड स्टेशन सुरू झालंय.

• नवीन वस्तू घेणार असाल तर तीन दुकानांत भाव विचारा, पक्कं बिल मागा आणि वॉरंटी कंपनीची की दुकानदाराची हे तिथेच विचारून घ्या.

• फोन किंवा लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी बॅकअप घ्या. फोनमधलं सिम आणि मेमरी कार्ड काढून ठेवा.

• कॅसेट जुनी असेल तर आधी पेन्सिलने थोडी फिरवून पाहा. अडकत असेल तर मशीनमध्ये घालू नका. आणि तुटली तर काहीही झालं तरी ओढू नका!